ठिगळाला राजमान्यता

जुनी वस्तू पुरवून पुरवून वापरण्याविषयी इंग्रजीत वाक्प्रचारांची वाण नाही. त्यांपैकी 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यात भागवा आणि फाटले तर सांधा, हा दुसऱ्या महायुद्धात थेट ब्रिटिश सरकारची घोषणा बनला. त्याचा एक भाऊबंद आरमारात आधीच नांदत होता: खलाशांना कपडे शिवण्या-सांधण्यासाठी मिळणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या सुटीला तेथे 'मेक अँड मेंड' म्हणत.

१ जून १९४१. रविवारची सकाळ. व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटल्टन यांनी कपड्यांचे रेशनिंग जाहीर केले. साठेबाजांना सुगावा लागू नये म्हणून नवी कुपनेदेखील आधी वाटली नव्हती. शिधापुस्तिकेतील मार्गारिनची शिल्लक कुपनेच कपड्यांसाठी चालवून घेण्यात आली! पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने. पुरुषाच्या एका सुटालाच २६ लागत.

वाटप समान, म्हणून न्यायही समान, असे मात्र झाले नाही. कुपन किंमत पाहत नसे. उंची लोकरीच्या कोटाला आणि हलक्या लोकरीच्या कोटाला कुपने तेवढीच. पहिला वर्षानुवर्षे टिके, दुसरा लवकर विरे. शिवाय श्रीमंतांची कपाटे युद्धाआधीच भरलेली होती. १९४३ साली सरकारने याच घोषणेच्या नावाने पुस्तिका काढली, तेव्हा कामगारवस्तीतील गृहिणीला तीत नवे ते काय असणार? मधोमध विरलेली चादर उभी कापायची, धडक्या कडा मध्यभागी आणून जोडायच्या, ही युक्ती जुनीच. तिचे 'साइड्स टू मिडल' हे नावही घराघरांत रुळलेले. ज्यांचे आयुष्यच ठिगळांवर चालले होते, त्यांना ठिगळाचा उपदेश करण्यात सरकारला काही विसंगती वाटली नसावी.

खरा उतारा पुस्तिकेत नव्हता; तो 'युटिलिटी' कपड्यांत होता. कापडाचा दर्जा ठरलेला, किंमत नियंत्रित आणि वर 'सीसी ४१' हा शिक्का. त्यामुळे टिकाऊ कपडा सामान्यांच्या आवाक्यात आला. कापड वाचवण्यासाठी १९४२ साली पुरुषांच्या पँटच्या पायांची बाहेरची दुमडही बंद झाली. तिच्यावरून इतकी कुरकुर झाली, की १९४४ मध्ये ती बंदी उठवावी लागली.

युद्ध १९४५ साली संपले. कपड्यांची कुपने मात्र १५ मार्च १९४९ पर्यंत सुटली नाहीत.