गेलेल्यांशी नाते आणि ऊसतोडीचे वर्ष

गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोक, असे सिग्मंड फ्रॉइडने १९१७मध्ये मांडले. त्याची मुलगी सोफी १९२०मध्ये वारली. नऊ वर्षांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र, ही जागा कशानेही भरणार नाही आणि तसेच असायला हवे, अशा आशयाची कबुली त्याने दिली. पुढे १९९६मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी दाखवून दिले की नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते. स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९मध्ये त्यात मोलाची भर घातली. शोकातला माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या कामाकडे; या येरझारीतच तो सावरतो.

बीड जिल्ह्यात ही येरझार पंचांगाने बांधून दिली आहे. ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पितृपक्ष निघण्याआधी येतो, अक्षय्य तृतीया बहुधा परतल्यावर. म्हणजे पितरांचे दोन्ही दिवस माणसे गावी असतानाचे. पौषातल्या चतुर्थीला कुणी फडावर वारला, तरी पितृपक्षातल्या चतुर्थीला घरी त्याचे पान वाढता येते; तिथीच ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी त्याच्या आवडीचे रांधायचे, त्याचे नाव घ्यायचे, रडू आले तर रडायचे. दुसऱ्या दिवशी कामाला लागायचे. शोकाला हक्काची वेळ देणारी ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

पण ती सर्वांना सारखी लाभत नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचे पाहा. विधी मुलाच्या किंवा दिराच्या हातून होतात, तिचे मात्र कुंकू आणि मंगळसूत्र उतरवले जाते. नवऱ्याशी असलेल्या नात्याची जी खूण ती अंगावर वागवत होती, तीच काढून घेतली जाते. मग एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण समितीपुढे जाते. तिथे त्याचे मरण कर्ज आणि नापिकी यांच्या भाषेत सांगावे लागते आणि शेवटी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मिळतो. प्रशासनाच्या लेखी तो निकाल मदतीचा असतो. घरात तो त्या माणसाबद्दलचा निकाल म्हणून ऐकला जातो. ऊसतोडीला जावे तर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नवरा-बायकोची जोडी हा एक कोयता धरून मिळते. एकटी बाई अर्धा कोयता ठरते. येरझारीतली कामाची बाजूच तिचे सारे दिवस खाऊन टाकते.

लांबलेला शोक हा विकार म्हणून आता मान्य झाला आहे. अमेरिकी निकषांत २०२२पासून त्यासाठी प्रौढांना बारा महिन्यांची मुदत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांची. ही मोजपट्टी लावण्याआधी, या बाईला शोक करायला एक दिवस तरी मिळाला का, हे विचारले पाहिजे.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले. बीडमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट करता येईल. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर जातात. अशा बाईच्या घरची एक भेट पितृपक्षात, टोळी निघण्याआधी ठरवावी. त्या भेटीत कर्जाची चौकशी नको. नवऱ्याला काय आवडायचे, एवढेच विचारावे आणि ती सांगेल तेवढा वेळ बसावे.