'रूट' नसतानाही लिनक्सवर सॉफ्टवेअरची उभारणी

विद्यापीठे, संशोधन संस्था आणि मोठ्या कंपन्या यांतील लिनक्स संगणक बहुधा सामायिक असतात. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये उभारलेला 'परम ब्रह्म' हे त्याचे जवळचे उदाहरण. अशा यंत्रावर संशोधकाला खाते मिळते, साठवणुकीची मर्यादित जागा मिळते. परंतु 'रूट' हे प्रशासकाचे सर्वाधिकारी खाते मिळत नाही, आणि ते मिळूही नये. एकाच्या चुकीने शेकडो जणांचे काम बंद पडण्याचा धोका कोणताही प्रशासक पत्करणार नाही. मग हवे असलेले सॉफ्टवेअर त्या यंत्रावर नसेल तर काय करावे? अर्ज करून वाट पाहावी, हे नेहमीचे उत्तर. पुष्कळदा त्याची आवश्यकता नसते.

रूटचे अधिकार सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी लागत नाहीत. ते विशिष्ट जागी ठेवण्यासाठी लागतात, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सोर्स कोडचे, म्हणजे मूळ संहितेचे, यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करण्याचे काम कंपायलर करतो आणि तो कोणताही सामान्य वापरकर्ता चालवू शकतो. तयार झालेल्या फायली 'यूएसआर' अथवा त्याखालील 'लोकल' या सर्वांसाठीच्या डिरेक्टरीत टाकू गेल्यास मात्र प्रणाली अडवते. त्याच फायली स्वतःच्या होम डिरेक्टरीत ठेवण्यास तिची हरकत नसते.

बहुसंख्य जुन्या-जाणत्या सॉफ्टवेअरची उभारणी तीन आज्ञांनी होते : 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. यांतील 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅबमध्ये लिहिले. 'कॉन्फिगर' ही पटकथा निर्माण करणारे 'ऑटोकॉन्फ' १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केले. सोबतच्या माहितीपत्रकात तिसऱ्या आज्ञेपूर्वी बहुधा 'सुडो' लावण्यास सांगितलेले असते. सामान्य खात्यावरून तसे केल्यास आपण अधिकृत यादीत नसल्याचा आणि घटना प्रशासकास कळवली जात असल्याचा दरडावणीचा संदेश येतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु 'सुडो' लावण्याचेही कारण नाही. पहिल्याच आज्ञेत 'प्रीफिक्स' हा पर्याय देऊन आपल्या होम डिरेक्टरीतील एखादी जागा सांगितली की पुढील सर्व फायली निमूटपणे तिकडे जातात. त्यानंतर त्या जागेतील 'बिन' ही डिरेक्टरी 'पाथ' या चलात सर्वांत आधी नोंदवली, म्हणजे नुसते नाव टंकताच आपली आवृत्ती चालू लागते.

हे झाले वरकरणी. खरी कसोटी लागते ती अवलंबित्वाची. 'टीमक्स' हे उदाहरण घेऊ. दूरच्या यंत्राशी असलेला संपर्क तुटला, घरची वीज गेली, तरी तेथील सत्र चालू ठेवणारे हे उपयुक्त साधन. त्याला 'लिबइव्हेंट' आणि 'एनकर्सेस' या दोन लायब्ररी लागतात. त्या यंत्रावर असूनही 'कॉन्फिगर' त्या नसल्याचे सांगते, तेव्हा नवखा वापरकर्ता गोंधळतो. कारण साधे असते : बहुतेक वितरणांमध्ये लायब्ररी आणि तिच्या हेडर फायली यांची पॅकेजेस वेगळी असतात. चालवण्यासाठी पहिले पुरेसे, उभारणीसाठी दुसरेही हवे. अशा वेळी त्या दोन्ही लायब्ररी त्याच 'प्रीफिक्स'मध्ये आधी उभाराव्या लागतात. 'लिबइव्हेंट' ओपनएसएसएलच्या हेडरसाठी अडून बसले, तर तो भाग वगळण्याचा पर्याय त्यात आहे, आणि टीमक्सला त्याची गरजही नाही. 'एनकर्सेस' मात्र आपला ठावठिकाणा सांगणाऱ्या 'पीसी' फायली आपणहून बसवत नाही. तसे स्पष्ट सांगावे लागते. मग 'पीकेजी कॉन्फिग पाथ' या चलातून त्यांची जागा दाखवली की टीमक्सच्या उभारणीला वाट मोकळी होते.

एवढे सारे पार पडल्यावरही आज्ञा देताच लायब्ररीची फाईल उघडता येत नाही, असा संदेश येऊ शकतो. उभारणीच्या वेळी लायब्ररी कोठे शोधायची हे लिंकरला सांगितलेले असते. कार्यक्रम सुरू करणाऱ्या लोडरला त्याचा पत्ता नसतो. अनेक ठिकाणी यावर 'एलडी लायब्ररी पाथ' हे चल कायमचे बदलण्याचा सल्ला दिलेला आढळतो. तो टाळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या चलाचा परिणाम खात्यातून चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमावर होतो आणि महिन्याभराने भलतेच काही कोसळले की मूळ कारण सापडत नाही. त्यापेक्षा लिंकरला 'आरपाथ' देऊन लायब्ररीची जागा त्या एका कार्यक्रमातच कोरून ठेवणे श्रेयस्कर. 'एलडीडी' या आज्ञेने कोणती लायब्ररी प्रत्यक्ष कोठून उचलली जाते, हे ताडून पाहता येते.

इतका खटाटोप करण्याऐवजी तयार बायनरी का उतरवून घेऊ नये? जुन्या यंत्रांवर ती पुष्कळदा चालत नाही. उदाहरणार्थ, सेंटओएस ७ या प्रणालीचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला. तिच्यातील जीलिबसी या मूलभूत लायब्ररीची आवृत्ती २.१७ आहे. नव्या प्रणालीवर तयार केलेली बायनरी त्यापुढची आवृत्ती मागते आणि तेथेच थांबते. त्याच यंत्रावर संहितेतून उभारलेले सॉफ्टवेअर तेथे असलेल्या जीलिबसीशीच जुळवून घेते. अर्थात, प्रथम 'मॉड्यूल अव्हेल' ही आज्ञा देऊन प्रशासकाने काही आधीच ठेवले आहे का ते पाहावे. अवलंबित्वाची साखळी लांबलचक असेल, तर 'कोंडा' किंवा महासंगणकांसाठी घडवलेले 'स्पॅक' ही साधने पुष्कळ श्रम वाचवतात आणि त्यांनाही रूटची गरज नसते.

काही दारे मात्र बंदच राहतात. कर्नलमध्ये मॉड्यूल बसवणे किंवा १०२४ हून कमी क्रमांकाच्या पोर्टवर सेवा चालवणे सामान्य खात्याला सहसा शक्य नसते. काही यंत्रांवर होम डिरेक्टरीतून कार्यक्रम चालवण्यासच बंदी असते. तो तेथील नियम मानावा. त्यातून पळवाटा शोधू नयेत. तसेच सर्वांच्या प्रवेशासाठी असलेल्या लॉगिन नोडवर 'मेक'ला उपलब्ध सारे प्रोसेसर जुंपणे हा सहकाऱ्यांवर अन्याय होय.

रूट नाही म्हणून फारसे नुकसान होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. 'कॉन्फिगर' ही पटकथा आपल्याच अधिकारांनी चालते. प्रबंधाची विदा, अप्रकाशित निष्कर्ष, इतर यंत्रांवर प्रवेश देणाऱ्या एसएसएच किल्ल्या, हे सर्व तिच्या आवाक्यात असते. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संपीडन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपे दार आढळले. एसएसएच प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले आणि त्यातून ते उघडकीस आले. ते दार कार्यान्वित करणारी पटकथा सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हती. ती केवळ वितरणाच्या संकुचित फायलीत होती. त्या फायलीवरील स्वाक्षरीही खरी होती, कारण घातपात करणारा स्वतःच प्रकल्पाचा एक सांभाळकर्ता होता. स्वाक्षरी अवश्य तपासावी. मात्र ती फाईल कोणाची हे सांगते, त्याच्या हेतूची ग्वाही देत नाही.

शिवाय वितरणाकडून येणारी सुरक्षा-अद्यतने आपण स्वतः उभारलेल्या प्रतीपर्यंत पोहोचत नाहीत. प्रशासकाने यंत्रावरील लायब्ररीतील दोष दूर केला, तरी आपल्या होममधील जुनी प्रत तशीच सदोष राहते. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर आवृत्तीच्या नावानिशी स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवावे, म्हणजे नवे आले की जुने सुखाने काढून टाकता येते. 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय प्रत्येकात असतेच असे नाही. उभारणी संपल्यावर मूळ संहितेची डिरेक्टरी पुसण्यापूर्वी तिच्यातील 'कॉन्फिग डॉट लॉग' ही फाईल बाजूला काढून ठेवावी. 'कॉन्फिगर'ला दिलेली संपूर्ण आज्ञा तिच्या आरंभीच नोंदलेली असते आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी तीच जशीच्या तशी उपयोगी पडते.