तारा कोणाच्या आणि संभाषण कोणाचे?

बेल यांच्या टेलिफोनविषयक मूळ पेटंटांची मुदत १८९३ व १८९४ साली संपली आणि अमेरिकेत लवकरच शेकडो स्वतंत्र टेलिफोन-मंडळ्या निघाल्या. जेथे बेल कंपनीस जाण्यात लाभ दिसत नव्हता, अशा खेड्यांतील शेतकऱ्यांनी वर्गणी काढून खांब उभे केले. कित्येकांनी तर कुंपणाची काटेरी तारच संभाषणाच्या कामी लाविली. परंतु बेल कंपनी या मंडळ्यांस आपल्या तारांशी जोडून घेईना. परिणामी अनेक शहरांत दोन-दोन मंडळ्या नांदू लागल्या आणि दुकानदारास सर्व गिऱ्हाइकांशी बोलावयाचे तर दोन यंत्रे बाळगावी लागत. अखेर १९१३ साली, सरकारी खटल्याच्या दडपणाखाली, कंपनीचे उपाध्यक्ष किंग्जबरी यांनी स्वतंत्र मंडळ्यांस दूर पल्ल्याच्या तारांशी जोडणी देण्याचे लेखी मान्य केले.

हे जुने प्रकरण उकरून काढण्याचे कारण असे की, आजची समाजमाध्यमे १९१३ पूर्वीच्या त्या अवस्थेतच आहेत. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र निर्धास्त जाते. परंतु फेसबुकवरील मनुष्यास एक्सवरील स्नेह्याशी तेथूनच बोलता येत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जी विकेंद्रित जाळी निर्माण झाली, त्यांत २०१६ साली जर्मनीतून निघालेले मॅस्टोडॉन प्रमुख होय. त्याचे सर्व्हर भिन्न लोक, भिन्न नियमांनी चालवितात. तथापि एका सर्व्हरवरील सभासद दुसऱ्यावरील सभासदाचे लेखन वाचू शकतो. या देवघेवीचा ‘ॲक्टिव्हिटीपब’ नामक सर्वमान्य संकेत जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला.

अशा जाळ्यांची वाढ पुढे कशी होईल? आजवर ती संथ प्रवाहासारखी न होता पुरासारखी झाली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलाचे खाते ट्विटरने बंद केले, तेव्हा आपल्याकडील अनेक सुशिक्षित मंडळी मॅस्टोडॉनवर गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर मस्क यांच्या हाती जाताच तेथील मासिक सक्रिय सभासदांची संख्या सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांपर्यंत चढली. दोन्ही वेळी पूर ओसरला. लोक परतले ते अज्ञानामुळे, असे आम्हांस वाटत नाही. आप्तेष्ट, सहाध्यायी व वाचक ज्या वाड्यात राहतात, तो वाडा गैरसोयीचा असला तरी मनुष्य सहसा सोडीत नाही.

मोठ्या कंपन्याच या संकेतात सामील झाल्या तर प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. गूगलने २००५ साली सुरू केलेली संभाषणसेवा अशाच एका खुल्या संकेतावर उभी होती, व पुढील वर्षी ती इतर सर्व्हरांशी जोडलीही गेली. परंतु २०१३ साली आलेल्या नव्या सेवेत ती जोडणी राहिली नाही. मेटाच्या ‘थ्रेड्स’ने डिसेंबर २०२३ पासून ॲक्टिव्हिटीपबशी जोडणीस आरंभ केला, हे स्वागतार्ह खरे; पण स्वखुशीने उघडलेले दार स्वखुशीने लावताही येते. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्यात अशा जोडणीचे बंधन घातले, ते बड्या निरोपसेवांपुरते. समाजमाध्यमे त्यातून वगळली गेली.

तथापि जोडणी म्हणजे सर्वस्व, असेही इतिहास सांगत नाही. किंग्जबरी यांच्या पत्रानंतरही बेल संस्थेचे वर्चस्व वाढतच गेले आणि ती १९८४ सालापर्यंत मोडली नाही. तारा जुळल्या, परंतु खेड्यातील मंडळीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला. आज लहान सर्व्हरांची स्थिती याहून निराळी नाही. त्यांचे चालक बहुधा हौशी असतात. देयके भागविणे, शिवीगाळ निवारणे, तक्रारी ऐकणे ही कामे ते फावल्या वेळात करितात. चालक थकला आणि सर्व्हर बंद पडला, तर मॅस्टोडॉनच्या सभासदास वेळेवर सूचना मिळाल्यास आपले अनुयायी दुसरीकडे नेता येतात. जुने लेखन मात्र नेता येत नाही. दहा वर्षांचा पत्रव्यवहार अशा रीतीने नाहीसा होणे, ही कोणत्याही कुटुंबास लहान हानी नव्हे.

म्हणून आमचे अनुमान असे की, ही जाळी बड्या कंपन्यांस गिळून टाकणार नाहीत. त्यांची स्थिर वाढ होईल ती संस्थांच्या आश्रयाने. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ साली आपल्या खात्यांसाठी स्वतःचा सर्व्हर उभारला. जे तेथे सरकारने केले, ते आपल्याकडे विद्यापीठांस, ग्रंथालयांस व साहित्यसंस्थांस अशक्य नाही. वर्गणी गोळा करून वाचनालये चालविण्याची सवय महाराष्ट्रास जुनी आहे. ग्रंथांच्या कपाटास जागा, कारकून व जमाखर्चाची वही लागते, हे ज्यांना समजले, त्यांना सर्व्हरासही तेच लागते हे समजणे कठीण जाऊ नये.