बांबू: झाड की गवत?

या मालिकेत आपण लढायांविषयी बरेच बोललो. आज एका व्याख्येविषयी बोलू.

बांबू हा गवताच्या कुळातला. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला ‘झाड’ या व्याख्येत बसवले, आणि जंगलाकाठच्या लाखो लोकांची रोजी त्या शब्दात अडकली.

याची सुरुवात आधीची. रेल्वेच्या स्लीपरसाठी इंग्रजांना साग, साल, देवदार हवा होता. १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले; डिट्रिच ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आखली. गावकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आता सवलत झाला. मध्य प्रांतात त्याला ‘निस्तार’ म्हणत: घरापुरते लाकूड, चारा, बांबू न्या, विकू मात्र नका.

मी फौजी माणूस. रसद तुटली की पलटणीचे काय होते ते मला ठाऊक आहे. जंगलालगतच्या गावाची रसद जंगलातून येते. उन्हाळ्यात शेतात काम नसते, कणगी रिकामी होत आलेली असते. नेमके तेव्हाच मोह पडतो, मग तेंदूपाने निघतात. त्या पैशातून खरिपाचे बियाणे येते. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे गडचिरोलीकडचे ‘वास्ते’, भाजीला होतात. पण खरा पैसा मोठ्या बांबूत होता, आणि तो सरकार करार करून कागद कारखान्यांना देत असे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घेतला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू जागेवरच राहिला, कारण विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मोर्चा जिंकला, पण रस्ता दोन वर्षांनी खुला झाला, असेच मी म्हणेन.

लोकांच्या हाती दिले तर जंगल उरेल का, असे पुष्कळ जण विचारतात. मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. ज्या घराची चूल पुढच्या वर्षीही त्याच जंगलावर पेटायची आहे, ते घर आजची तोड मोजूनच करते, असे माझे मत आहे.

२०१७ मध्ये, नव्वद वर्षांनी, ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतातला बांबू त्यामुळे मोकळा झाला. जंगलातल्या बांबूला वनकायदा आजही लागू आहे. म्हणून ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, जिथे कुठे तुम्ही राहत असाल, जवळच्या वनगावात दोन गोष्टी विचारा: हक्काचा कागद मिळाला का, आणि परवाना कोणाच्या हाती आहे?

जय हिंद.