ट्रॅक्टरचे गिअर ऑइल कमी झाल्याची लक्षणे आणि परिणाम

इंजिन ऑइलकडे बहुतेक ट्रॅक्टरमालकांचे लक्ष असते. सकाळी पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवायची आणि पातळी पाहायची, ही सवय आता गावोगावी रुळली आहे. सीटखालच्या हाउसिंगमधील तेल मात्र सर्व्हिसिंगच्या दिवशीच आठवते. ट्रॅक्टरमध्ये सर्वात जास्त तेल तिथेच असते आणि सर्वात महागडी दुरुस्तीही तिथलीच असते.

आपल्याकडील बऱ्याच मॉडेलमध्ये गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, पीटीओ आणि हायड्रॉलिक लिफ्ट या सर्वांना एकच सामाईक तेल असते. ते मॉडेलनुसार साधारण २० ते ६० लिटर असते. गिअरच्या दातांमध्ये पातळ थर राखणे, तयार झालेली उष्णता हाउसिंगच्या भिंतींपर्यंत नेणे आणि लिफ्टला दाब देणे ही कामे हेच तेल करते. ब्रेक तेलात बुडालेले म्हणजे ‘ऑइल ब्रेक’ असतील, तर ब्रेकच्या प्लेटाही त्यातच थंड होतात. काही मॉडेलमध्ये हायड्रॉलिकची टाकी स्वतंत्र असते. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये कोणती रचना आहे, हे माहिती पुस्तिकेतून एकदा नक्की करून घ्या. पुढील बरीचशी लक्षणे त्यावर अवलंबून आहेत.

ट्रॅक्टर ओढतो, म्हणून तेल पुरेसे आहे असे समजू नका

ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत तेल कमी झाले की गाडी लवकर सांगते. गिअर घसरतो, रेस वाढते पण गाडी उचलत नाही, गिअर पडायला उशीर लागतो. कारण तिथे ताकद तेलाच्या दाबावरच पुढे जाते. साध्या क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये तसे होत नाही. ताकद दातांतून दातांत जाते. तेल निम्मे झाले तरी ट्रॅक्टर तेवढ्याच जोराने नांगर ओढतो आणि चालकाला काहीच जाणवत नाही. गिअर आवाज करू लागतो तेव्हा दात किंवा बेअरिंग आधीच खराब झालेले असते. मग ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो. भाग मिळेपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जातो आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी रांगेत थांबावे लागते.

सामाईक तेलाच्या ट्रॅक्टरमध्ये एक भाग मात्र लवकर तक्रार करतो, तो म्हणजे लिफ्ट. हायड्रॉलिक पंप हाउसिंगमधून तेल ओढतो. पातळी खाली गेली की तेलाबरोबर हवाही ओढली जाते. तेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. त्यामुळे लिफ्ट थरथरत, धक्के देत वर येते, अर्ध्यावर अडकते किंवा रेस वाढवल्याशिवाय उचलत नाही. पंपातून बारीक, किणकिणता आवाज येतो. तेलात फेस होतो. पट्टीवर बुडबुडे दिसले तर त्याचा अर्थ बहुधा हाच असतो.

चढ-उताराच्या शेतात हे लक्षण आणखी लवकर दिसते. बांध चढताना लिफ्ट काम करत नाही आणि सपाटीवर आल्यावर ठीक चालते, असे होत असेल तर लिफ्टची नट-बोल्ट उघडण्याआधी तेलाची पातळी पाहा. उतारावर तेल एका बाजूला सरकते आणि पंपाचे तोंड उघडे पडते, एवढेच झालेले असते.

लिफ्टचा प्रत्येक दोष मात्र तेल कमी असल्यामुळे नसतो. हिवाळ्यात सकाळी तेल घट्ट असल्याने पहिली काही मिनिटे लिफ्ट सावकाश चालणे साहजिक आहे. थंड असताना चांगली आणि तास-दोन तासांच्या कामानंतर सुस्त होत असेल, तर पंप झिजलेला असू शकतो किंवा तेल चुकीच्या दर्जाचे असू शकते. इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली बसत असेल, तर दोष बहुधा सिलिंडरच्या सीलचा किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचा असतो. तिथे तेल भरून उपयोग नाही. पंपाच्या तोंडाची जाळी किंवा फिल्टर तुंबला असेल तर मात्र तेल कमी असल्यासारखीच सर्व लक्षणे दिसतात. म्हणून आधी पातळी, मग फिल्टर आणि त्यानंतरच पंप, या क्रमाने तपासणी करावी. पंप बदलूनही दोष तसाच राहिल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा हा क्रम चुकलेला असतो.

डंपिंग ट्रॉलीचा हिशेब

ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या हाउसिंगमधलेच तेल वापरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. १०० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांब उघडणारा जॅक पूर्ण उचलला की त्यात सुमारे ८ लिटर तेल जाते. आधीच पातळी ४-५ लिटरने कमी असेल, तर ट्रॉली पूर्ण वर असताना गिअर आणि पंप दोघेही उघडे पडतात. त्याच अवस्थेत ट्रॉली झटकण्यासाठी ट्रॅक्टर मागे-पुढे केला जातो. डंपिंग ट्रॉली नियमित वापरत असाल, तर तेलाची पातळी किती ठेवायची याबाबत पुस्तिकेत वेगळी सूचना आहे का, ते पाहा.

दुसरी अडचण तेलाच्या अदलाबदलीची आहे. शेजाऱ्याची ट्रॉली एक दिवस जोडली की त्याच्या जॅकमधील तेल तुमच्या हाउसिंगमध्ये येते आणि तुमचे काही त्याच्याकडे जाते. त्याच्या तेलात पाणी किंवा धातूचा चुरा असेल, तर तोही येतो. जॅक पूर्ण खाली न बसवता पाइप काढला, तर तेवढे तेल ट्रॉलीबरोबरच जाते. त्यामुळे पाइप काढण्याआधी जॅक पूर्ण बसवावा, जोडाची टोके पुसावीत आणि त्यावर टोपणे लावावीत.

आवाज, उष्णता आणि ब्रेक

ट्रॅक्टर उभा असताना रेसबरोबर वाढणारा बारीक आवाज बहुधा पंपाकडून येतो. ट्रॅक्टर चालू लागल्यावरच येणारा आणि वेगाबरोबर बदलणारा घरघराट गिअर, क्राऊन-पिनियन किंवा बेअरिंगचा असतो. ठरावीक एका गिअरमध्येच आवाज येत असेल, तर त्या जोडीचे दात तपासावे लागतील. पंपाचा आवाज तेल भरल्यावर गेला तर नशीब समजा. घरघराट मात्र तेल भरूनही राहिला तर झीज झालेली आहे आणि ट्रॅक्टर मिस्त्रीला दाखवायलाच हवा.

कमी तेल लवकर तापते. ऊस वाहतुकीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून तासन् तास रस्त्यावर धावणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये याचा सर्वाधिक त्रास होतो. तिथे गिअर सतत एकाच भाराखाली असतात आणि लिफ्ट वापरलीच जात नाही. म्हणजे लवकर इशारा देणारा भाग या कामात गप्प असतो. तुमचा ट्रॅक्टर मुख्यतः वाहतुकीला असेल, तर लिफ्टवर विसंबू नका. दर आठवड्याला पातळी पाहा. पट्टीवरचे तेल काळपट आणि जळका वास येणारे असेल, तर ते आधीच जास्त तापून गेले आहे.

ऑइल ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पातळी खाली गेल्यावर प्लेटा पुरेशा थंड होत नाहीत. ब्रेक दाबताना किंचाळल्यासारखा आवाज येतो, ब्रेक एका बाजूला ओढतो किंवा पेडल जास्त दाबावे लागते. भरलेल्या ट्रॉलीसह घाट किंवा नदीचा उतार उतरायचा असेल तेव्हा ही लक्षणे किरकोळ समजू नयेत. अशा वेळी ट्रॅक्टर तिथेच थांबवणे योग्य.

तेल गेले कुठे?

गिअर ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ते कमी झाले असेल तर कुठून तरी गेलेले आहे. नुसते भरत राहिल्याने काम भागत नाही, वाट शोधावीच लागते.

मागच्या चाकाच्या आतील बाजूला तेलकट माती चिकटलेली दिसली, तर ॲक्सलचे सील गेले आहे. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये हेच तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरते आणि ब्रेक घसरतो. पीटीओ शाफ्टभोवतीचे सील रोटाव्हेटरच्या कामात लवकर जाते. ठिबकची जुनी नळी, मल्चिंग पेपर, सुतळी किंवा बाइंडिंग वायर शाफ्टला गुंडाळली जाते आणि फिरत फिरत थेट सीलमध्ये घुसते. पीक काढल्यानंतर ठिबकच्या नळ्या पूर्ण न गोळा करता रोटाव्हेटर घातलेल्या शेतात हे हमखास होते. दिवसाचे काम संपल्यावर इंजिन बंद करून शाफ्टला गुंडाळलेले कापून काढायला पाच मिनिटे लागतात.

क्लच हाउसिंगच्या तळाशी एक छोटे छिद्र असते. काही ट्रॅक्टरमध्ये त्यात पिन अडकवलेली दिसते. तिथून तेल टपकत असेल, तर आतले सील गळत आहे. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांपैकी कोणते, हे वासावरून व रंगावरून कळते. दुर्लक्ष केले तर क्लच प्लेट तेलाने भिजून घसरू लागते.

बाहेर कुठेच थेंब नाही आणि तरी तेल कमी होते, असेही घडते. काही मॉडेलमध्ये हायड्रॉलिक पंप इंजिनवर बसवलेला असतो. त्याच्या शाफ्टचे सील फाटले की हायड्रॉलिकचे तेल इंजिनच्या चेंबरमध्ये उतरते. एकीकडे हायड्रॉलिकची पातळी घटते आणि दुसरीकडे इंजिन ऑइलची पातळी न भरताच वाढते. इंजिनच्या पट्टीवर तेल खुणेच्या वर दिसले, तर ट्रॅक्टर सुरू करू नका.

भात खाचरात चिखलणी करणाऱ्या कोकणातील आणि भंडारा-गोंदियातील शेतकऱ्यांसाठी उलटी सूचना आहे. तिथे पातळी वाढलेली दिसणे हाच इशारा असतो. सील किंवा ब्रीदरमधून पाणी आत जाते, तेल दुधाळ होते आणि पट्टी भरलेली दिसते. प्रत्यक्षात तेल तेवढेच किंवा कमी असते. शंका असल्यास ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी सुरू न करता ड्रेन बोल्ट किंचित सैल करा. मोकळे पाणी जड असल्याने आधी तेच बाहेर येते. मिस्त्री आणखी एक चाचणी करू शकतात. तेलाचे दोन-तीन थेंब तापलेल्या पत्र्यावर दुरूनच टाकायचे. ते तडतडले तर पाणी आहे. दुधाळ तेलात नवे तेल मिसळून उपयोग नाही, ते पूर्ण बदलावे.

पातळी पाहणे आणि तेल भरणे

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. अवजार जमिनीवर टेकवा, ट्रॉलीचा जॅक बसवा, इंजिन बंद करून १०-१५ मिनिटे थांबा. पट्टीच्या भोवतालची धूळ आधी पुसा. उघडल्यावर आत पडलेला मातीचा कण पंपासाठी कानशीसारखा असतो. काही मॉडेलमध्ये पट्टीऐवजी पातळीचा बोल्ट असतो. तो काढल्यावर तेल छिद्राच्या कडेपर्यंत आलेले दिसले पाहिजे.

पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच तेल वापरा. दुकानदाराने ‘सगळे गिअर ऑइल सारखेच’ म्हटले तरी ऐकू नका. ऑइल ब्रेक आणि सामाईक हायड्रॉलिक असलेल्या ट्रॅक्टरला त्यासाठी बनवलेले ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल लागते. ट्रकच्या डिफरेन्शियलचे घट्ट तेल टाकल्यास लिफ्ट सुस्त होते आणि ब्रेक आवाज करतात. इंजिनचे काढलेले जळके ऑइल हाउसिंगमध्ये ओतण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. त्यातील काजळी आणि धातूचा चुरा दोन-तीनशे रुपये वाचवतो आणि पंप घालवतो.

तेल एकेक लिटर भरा, थोडे थांबून पातळी पाहा. खुणेच्या वर भरू नका. जास्त तेल गिअरमध्ये घुसळले जाऊन फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर येते. भरल्यावर लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करा, हवा निघू द्या आणि पातळी पुन्हा तपासा. ती पट्टीवर तारखेसह कुठे होती हे वहीत लिहून ठेवले, तर महिन्याभरात गळती किती आहे ते समजते.

अनेक मॉडेलमध्ये हे तेल १००० तासांच्या आसपास बदलायचे असते, पण पुस्तिकेतील आकडाच ग्राह्य धरा. बदलताना ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर तो पाहा. त्यावर करडा, मऊ लेप असणे नेहमीचे आहे. चकाकणारे तुकडे किंवा दाताचा टवका दिसला, तर नवे तेल भरण्याआधी मिस्त्रीला दाखवा. काढलेले तेल शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, ते डब्यात साठवून अधिकृत खरेदीदाराला द्यावे.

हायड्रॉलिकच्या पाइपमधील गळती हात फिरवून शोधू नका. या पाइपमध्ये १५० ते २०० बार इतका दाब असू शकतो आणि सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. त्यामुळे लगेच रुग्णालयात जा आणि तेल शरीरात गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून तपासावी. उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा अवजाराखाली केवळ लिफ्टच्या भरवशावर जाऊ नये, भक्कम टेकू लावावा.

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढील ॲक्सलमध्ये सहसा तेल वेगळे असते आणि दोन्ही चाकांच्या हबला आपापले बोल्ट असतात. मागची पट्टी भरलेली असली तरी पुढचे हब कोरडे असू शकतात. ऑइल बदलून आणल्यावर ते तपासले का, हे सर्व्हिसिंगच्या पावतीवर पाहा आणि नोंद नसेल तर विचारा.