विधवेला वाट, सधवेला भिंत : ‘कुंकू’ ते ‘उंबरठा’

आज अंबरनाथला आपण एकाच प्रश्नावर बोलणार आहोत. मराठी बोलपटातली बाई ‘नाही’ म्हणाली, तर पुढं ती जाते कुठं?

देवलांच्या ‘संगीत शारदा’त (1899) म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न मोडतं आणि प्रश्न सुटतो. प्रभातच्या ‘कुंकू’त (1937) मात्र लग्न लागून गेलेलं आहे. शांताराम दिग्दर्शक, कादंबरी ना. ह. आपट्यांची. शांता आपट्यांची नीरा वृद्ध काकासाहेबांना नवरा मानायला साफ नकार देते. शेवटी केशवराव दात्यांचे काकासाहेब स्वतःचा जीव देऊन तिला मोकळं करतात.

हा शेवट आम्ही तरुणपणी भडक ठरवला होता. पुढं कायदे वाचले आणि मत बदललं. हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मुभा 1856 पासून होती. 1929च्या शारदा कायद्यानं मुलीचं किमान वय 14 ठरवलं. नवरा किती म्हातारा असावा, यावर बंधन नव्हतंच. आणि घटस्फोट? काही जातींत काडीमोडीची रूढी होती, पांढरपेशा घरांत नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला 1947 साली, म्हणजे ‘कुंकू’नंतर दहा वर्षांनी. थोडक्यात, विधवेला वाट होती, सधवेला नव्हती. नीरेला सुटायचं तर आधी विधवाच व्हायला हवं! तेव्हा काकासाहेबांचं मरण हा नुसता पश्चात्ताप नव्हे. कायद्यानं दुसरं दार ठेवलंच नव्हतं.

आता 1982चा, जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ घ्या. दार उघडलेलं आहे. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडते. परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा बाहेर पडते. इथं कुणाला मरावं लागत नाही, पण तिची लहान मुलगी त्या घरातच राहते. किंमत आता बाई भरते.

आम्ही तत्त्वज्ञानवाले स्वातंत्र्याच्या व्याख्या करतो. कायदा ‘जा’ म्हणतो; जायचं कुठं, ते सांगत नाही. इथं बसलेल्या कितीतरी जणी पहाटे डबा भरून बदलापूर लोकल गाठतात, रात्री परततात. पगार आहे, कायदा आहे. उद्या त्यांतली एखादी ‘नाही’ म्हणाली, तर आपल्यापैकी कुणाचं दार तिच्यासाठी उघडं असेल? घरी जाताना एवढा विचार जरूर करा.