नवा संगणक आणि जुना विश्वास

विद्यापीठाच्या विज्ञान विभागात नवा संगणक आला की तो प्रयोगशाळेच्या नेटवर्कला जोडणे हे एका दुपारचे काम समजले जाते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये पॅच कॉर्ड खोचायची, संगणक केंद्राकडून आयपी अ‍ॅड्रेस घ्यायचा, सामाईक फोल्डर आणि प्रिंटर दिसू लागला की झाले. या कामाकडे जरा बारकाईने पाहिले, तर त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे कोणावर तरी विश्वास टाकण्याचा निर्णय असतो. जोडणाऱ्याला तो घेतल्याचे कळतही नाही, कारण ३०-४० वर्षांपूर्वी नियम लिहिणाऱ्यांनी तो आधीच घेऊन ठेवला आहे. हे निर्णय कोणते आणि आजच्या प्रयोगशाळेत ते कितपत टिकतात, हा या विवेचनाचा विषय आहे.

प्रयोगशाळेचे नेटवर्क बँकेच्या किंवा कचेरीच्या नेटवर्कसारखे नसते. कचेरीत सगळी यंत्रे एका हाताने बसवलेली असतात आणि वापरणाऱ्याला त्यांच्या अंतर्भागात शिरता येत नाही. संशोधकाला मात्र रोज नवे सॉफ्टवेअर बसवावे लागते, त्यामुळे आपल्या संगणकावर त्याला पूर्ण ताबा, म्हणजे रूटचा अधिकार, लागतोच. शिवाय इथली माणसे चार-पाच वर्षांत पीएच.डी. करून निघून जातात आणि डेटा मागे राहतो. भारतात विद्यापीठीय नेटवर्कची सुरुवात १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ने झाली. मुंबईचे एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे त्यात आठ भागीदार होते. एवढ्या लहान वर्तुळात ओळखीवर काम भागू शकते. आज एका विभागाच्या एका मजल्यावरही ते भागत नाही.

पहिला विश्वास पत्त्याचा. संगणक सुरू झाला की तो साऱ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो, मला पत्ता कोण देईल? डीएचसीपी नावाच्या या पद्धतीत उत्तर देणारा खरा की तोतया, हे तपासण्याची सोय व्यवहारात नसते. बहुतेक वेळा जे उत्तर आधी येते ते संगणक स्वीकारतो. म्हणून कोणी वायफायच्या सोयीसाठी घरचा राउटर आणून त्याचे चुकीचे तोंड भिंतीच्या सॉकेटला जोडले, की तो राउटर निमूटपणे आजूबाजूच्या यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते वाटू लागतो. ज्यांची यंत्रे आधीपासून चालू आहेत त्यांचे काम ठीक चाललेले असते. ज्याने नुकतेच यंत्र चालू केले त्याचेच अडते. दोष सॉकेटचा नाही, संगणकाचा नाही, म्हणून शोधायला वेळ लागतो. स्विचवर ‘पत्ते फक्त या तोंडातूनच वाटले जातील’ असे बांधून देता येते आणि ते विभागाने संगणक केंद्राकडून आग्रहाने करून घ्यावे.

पत्ता कोणाला द्यायचा हे बहुतेक ठिकाणी मॅक अ‍ॅड्रेसवरून ठरते. हा ४८ बिटांचा आकडा संगणकाचा आहे असे मानले जाते. खरे तर तो नेटवर्क कार्डाचा असतो. आजकालच्या पातळ लॅपटॉपना केबलचे तोंडच नसते, त्यामुळे यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागतो आणि नोंद होते ती अ‍ॅडॉप्टरची. तो अ‍ॅडॉप्टर दुसऱ्याने उसना घेतला की नोंदवहीतली ओळखही त्याच्याबरोबर जाते. मॅक अ‍ॅड्रेस सॉफ्टवेअरने बदलताही येतो. नोंद ठेवण्यापुरता तो पुरेसा आहे, पहारा ठेवायला नाही.

दुसरा विश्वास घड्याळाचा. तो किरकोळ वाटतो, पण त्याच्यावर पुढचे बरेच उभे आहे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. यंत्राच्या आतले घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे धरते, तर लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळेचे. परिणामी एकातून दुसऱ्यात गेले की भारतात घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे किंवा मागे दिसते. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारी एनटीपी ही पद्धत डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५च्या सुमारास घडवली. पण संस्थेच्या फायरवॉलमधून बाहेरच्या वेळ-सर्व्हरकडे जाणारी वाट अनेकदा बंद असते, म्हणून संस्थेच्या स्वतःच्या वेळ-सर्व्हरचे नाव विचारून तेच भरावे लागते. घड्याळ चुकले तर फाइलींवर चुकीच्या वेळा पडतात. कोणता निकाल आधीचा आणि कोणता नंतरचा हेच मग सांगता येत नाही, आणि संशोधनात ही बाब क्षुल्लक नाही.

सर्वांत मोठा विश्वास सामाईक साठवणीचा आहे, आणि माझ्या मते नवा संगणक जोडताना सर्वाधिक विचार इथे व्हायला हवा. लिनक्स वापरणाऱ्या बहुसंख्य प्रयोगशाळांत डेटा एका फाइल सर्व्हरवर असतो आणि तो बाकीच्या यंत्रांवर एनएफएसने माउंट केलेला असतो. ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केली. तिच्या नेहमीच्या वापरात सर्व्हर माणसाचे नाव विचारत नाही, पासवर्डही विचारत नाही. समोरचा संगणक सांगतो, ‘ही विनंती वापरकर्ता क्रमांक १००० याची आहे’, आणि सर्व्हर ते खरे मानतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखाच हा क्रमांक. फरक इतकाच की इथे हवा तो आकडा घालून बिल्ला घरी तयार करता येतो.

याचा परिणाम प्रत्यक्षात असा दिसतो. नव्या विद्यार्थिनीने उबुंटू बसवले. बसवताना जे पहिले खाते तयार होते त्याला १००० हा क्रमांक आपोआप मिळतो. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचे खातेही त्याच्या यंत्रावर पहिलेच होते, म्हणजे त्याच्या फाइलीही सर्व्हरवर १००० याच क्रमांकाच्या आहेत. सामाईक फोल्डर उघडताच त्याचे सगळे मोजमाप, सगळे आलेख तिच्या नावाने दिसतात. ते वाचता येतात, बदलता येतात, पुसताही येतात. तिने काहीही वावगे केलेले नाही. यंत्रांनी आपापल्या नियमाप्रमाणे काम केले आहे.

यावर रूटचे अधिकार सर्व्हरवर चालणार नाहीत अशी सोय असते आणि ती मुळातच चालू असते. तिने संरक्षण मिळते असा समज आहे, तो अपुरा आहे. आपल्या यंत्रावर रूट असलेल्या माणसाला त्याच यंत्रावर कोणताही क्रमांक धारण करता येतो, आणि तो क्रमांक रूटचा नसल्याने सर्व्हर त्याला अडवत नाही. म्हणजे संशोधकाला रूटचा अधिकार देणे आणि तेच यंत्र जुन्या पद्धतीने फाइल सर्व्हरला जोडणे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. अनेक विभागांत त्या वर्षानुवर्षे एकत्र आहेत; काही बिघडले नाही ते माणसे सज्जन असल्यामुळे.

या पेचाचे उत्तरही विद्यापीठातच सापडले. एमआयटीने १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू केला, तेव्हा आवारभर विखुरलेल्या वर्कस्टेशनवर कोणीही विद्यार्थी पूर्ण ताबा मिळवू शकतो हे गृहीत धरूनच रचना करावी लागली. त्यातून कर्बेरॉस ही पद्धत आली. तीत यंत्राच्या शब्दाला किंमत नसते. माणसाने पासवर्ड वापरून एका मध्यवर्ती सर्व्हरकडून ठरावीक मुदतीचे तिकीट मिळवायचे आणि फाइल सर्व्हरला ते दाखवायचे. तिकिटावर वेळ असते, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर ते नाकारले जाते. साडेपाच तास चुकलेल्या यंत्रावर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश का मिळत नाही, याचे कारण इथे आहे. लहान प्रयोगशाळेला कर्बेरॉस जड वाटला तर निदान एवढे करावे: प्रत्येक माणसाला विभागाने एकच क्रमांक द्यावा, तो सर्व यंत्रांवर सारखा असावा, आणि माणूस गेल्यावर तो क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. यातला शेवटचा भाग सर्वांत जास्त मोडला जातो. शिवाय ज्या यंत्राचा रूट विद्यार्थ्याच्या हाती आहे, त्याला इतरांची फोल्डरे फक्त वाचण्यापुरतीच द्यावीत, किंवा देऊच नयेत.

आपल्याकडची आणखी एक सवय इथेच नोंदवली पाहिजे: सगळ्या प्रयोगशाळेचे मिळून एकच लॉगिन आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. सुरक्षिततेपेक्षाही तिने संशोधनाचे नुकसान होते. कोणत्या माणसाने कोणते विश्लेषण केले, कोणी फाइल बदलली, हे कायमचे पुसले जाते. श्रेयाचा आणि जबाबदारीचा असे दोन्ही दोरे तुटतात.

न तपासता टाकलेला विश्वास महागात पडतो, हा धडा दुरून लॉगिन करण्याचा इतिहास दोनदा सांगतो. एकेकाळी विद्यापीठांतली यंत्रे ‘त्या यंत्रावरून आला आहे ना, मग येऊ दे’ अशा यादीवर चालत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, काही अंशी या यादीचाच आधार घेत आणि सोपे पासवर्ड ओळखत पसरला. पुढे १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून ऐकले गेले आणि तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. एसएसएचमध्ये पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा ठसा दाखवून ‘पुढे जाऊ का?’ असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचता ‘हो’ म्हणतात. नवा संगणक जोडणाऱ्याने त्या यंत्राचा ठसा लिहून प्रयोगशाळेत सगळ्यांना द्यावा, आणि यंत्र पुन्हा बसवताना हा ठसा ज्यांवरून निघतो त्या जुन्या किल्ल्या जपून परत ठेवाव्यात. नाहीतर प्रत्येकाच्या पडद्यावर धोक्याची सूचना येते आणि ती दुर्लक्षून पुढे जायची सवय लागते. वेळ वाचवण्यासाठी एका डिस्कची नक्कल करून दहा संगणक तयार करतात, तेव्हा दहाही यंत्रांच्या किल्ल्या एकच होतात. नक्कल केल्यावर प्रत्येक यंत्रावर त्या नव्याने तयार करणे आवश्यक आहे.

उपकरणांना जोडलेले संगणक हा वेगळाच वर्ग. स्पेक्ट्रोमीटर किंवा सूक्ष्मदर्शक चांगले चालते, पण त्याचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी किंवा ७ वरच चालते; एक्सपीचा आधार एप्रिल २०१४मध्ये आणि ७चा जानेवारी २०२०मध्ये संपला. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्म पसरला तो नेमक्या विंडोजच्या जुन्या फाइल-वाटप पद्धतीतून. अशा यंत्राला इंटरनेट देऊ नये. त्याला स्वतंत्र व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवून फक्त एका फाइल सर्व्हरपर्यंत वाट द्यावी.

जोडणीबरोबरच तोडणीचाही विचार हवा. १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसला आणि त्याचा माग पश्चिम जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत गेला. त्या घुसखोराने प्रयोगशाळेत त्या वेळी नसलेल्या माणसाचे खातेही वापरले होते. यंत्राचेही तसेच आहे. संगणक भंगारात गेला तरी त्याचा पत्ता फाइल सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत राहतो, आणि पुढे संगणक केंद्र तोच पत्ता दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्राला देते. म्हणून नोंदवहीत यंत्राच्या नावासमोर मालकाचे नाव, मार्गदर्शकाचे नाव, दिलेला पत्ता, उघडलेली फोल्डरे, एसएसएचच्या किल्ल्या कुठे कुठे ठेवल्या ती यंत्रे आणि या सगळ्याची मुदत, एवढे जोडणीच्या दिवशीच लिहावे. विद्यार्थ्याच्या ना-देय दाखल्यावर ग्रंथालयाच्या शिक्क्याशेजारी या नोंदीचीही सही असावी.